खाँसाहेबांचा षड्ज आणि फिरणारी तबकडी : अब्दुल करीम खाँ घरी ऐकायचे तर टर्नटेबल कसं हवं?

उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. त्यांची मैफल समोर बसून ऐकलेलं माणूस आज शोधूनही सापडणार नाही. उरल्या आहेत त्या तबकड्या, एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचं गाणं असलेल्या. किराणा घराण्याचा हा गायक सुराच्या बारीकातल्या बारीक फरकासाठी आयुष्यभर झटला. आणि गंमत अशी, की आज त्याचा षड्ज नेमका कुठे लागेल हे त्याच्या गळ्यावर अवलंबून नाही. ते तुमच्या घरातल्या फिरत्या थाळीवर अवलंबून आहे.

कारण साधं आहे. तबकडी जरा जोरात फिरली की सूर चढतो, हळू फिरली की उतरतो. जुन्या तबकड्या मिनिटाला ७८ फेरे या वेगाने वाजवायच्या असतात. त्यात एका फेऱ्याची चूक झाली, तर सूर साधारण सव्वा टक्क्याने सरकतो. खाँसाहेब ज्या श्रुतिशास्त्रासाठी धडपडले त्यातलं सगळ्यात लहान अंतर, म्हणजे प्रमाण श्रुती, ८१ भागिले ८० एवढं आहे. तेही सव्वा टक्काच. म्हणजे एका फेऱ्याचा फरक आणि एका श्रुतीचा फरक जवळजवळ सारखा.

हे लक्षात ठेवून त्यांचं आयुष्य पाहिलं, तर घरी रेकॉर्ड ऐकण्यासाठी कोणतं यंत्र घ्यावं हा प्रश्न निव्वळ हौसेचा राहत नाही.

कैराना, बडोदे, मिरज

अब्दुल करीम यांचा जन्म १८७२ सालचा, आजच्या उत्तर प्रदेशातल्या कैराना गावातला. 'किराणा' घराणं हे नाव याच गावावरून आलं, वाणसामानाच्या दुकानाशी त्याचा संबंध नाही. घरात गाणं पिढ्यान्‌पिढ्या होतं. वडील काले खाँ आणि काका अब्दुल्ला खाँ यांच्याकडे तालीम झाली. सारंगी आणि बीन ही वाद्यंही त्यांच्या हातात होती. सारंगीचा हात असलेला माणूस गाऊ लागला की सुरांच्या मधल्या जागा त्याला दिसतात. सारंगीला पडदे नसतात, बोट कुठे थांबवायचं हे फक्त कान सांगतो. खाँसाहेबांच्या गाण्यातली मींड ऐकताना ही पार्श्वभूमी आठवली की बरंच काही उलगडतं.

तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात गायक म्हणून आले. तिथे दरबाराशी नात्याने जोडलेल्या माने सरदार घराण्यातल्या ताराबाईंशी त्यांचं प्रेम जमलं. मुसलमान गवई आणि मराठा सरदाराची मुलगी, हे त्या काळात पचणारं नव्हतं. दोघांनी बडोदे सोडलं आणि मुंबई गाठली. पुढे मिरज हे खाँसाहेबांचं घर झालं, आणि उत्तरेतला हा माणूस महाराष्ट्राचा आणि कर्नाटकाचा झाला.

मिरजेत त्यांना दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे ख्वाजा शमना मीरा यांचा दर्गा. प्लेगच्या आजारातून आपण तिथल्या कृपेने उठलो अशी त्यांची श्रद्धा होती, आणि उरसात गाऊन हजेरी लावण्याची रीत त्यांनी पाळली. दुसरी गोष्ट म्हणजे तंबोरे. मिरज हे तंबोऱ्यांचं गाव. भोपळा, दांडी, घोडी आणि जवारी यांच्याशी पिढीजात खेळणारे कारागीर तिथे होते. खाँसाहेब स्वतः वाद्यं दुरुस्त करायचे, तंबोऱ्याची जवारी लावायचे. दोन तंबोरे जुळवताना ते किती वेळ घेत याच्या कथा त्यांच्या शिष्यपरंपरेत अजून सांगितल्या जातात. जुळलेले तंबोरे हा त्यांच्या गाण्याचा अर्धा भाग होता असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

श्रुती मोजणारी मंडळी

मिरजेला लागूनच सांगली. तिथे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर एका वेगळ्याच नादात होते. भारतीय संगीतातल्या २२ श्रुती नेमक्या कुठे आहेत हे त्यांना तारेची लांबी मोजून, गणिताने सिद्ध करायचं होतं. यावर त्यांनी १९१० साली इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. त्यांना साथ मिळाली अर्नेस्ट क्लेमंट्स या इंग्रज सनदी अधिकाऱ्याची. पण मोजायचं कुणाचं गाणं? सूर पुन्हा पुन्हा त्याच जागी लावून दाखवेल असा गळा हवा होता. तो गळा अब्दुल करीम खाँ यांचा.

त्या काळच्या वातावरणात ही गोष्ट साधी नव्हती. उस्ताद लोक विद्या लपवत, असा समज होता. बराचसा खराही होता. इथे एक उस्ताद पेन्शनर अधिकाऱ्यासमोर आणि साहेबासमोर बसून एकेक स्वर तपासू देत होता. यातूनच श्रुती-हार्मोनियमचा खटाटोप झाला. नेहमीच्या पेटीत सप्तकाचे १२ ठरलेले सूर, मधल्या जागा तिच्यात निघतच नाहीत. म्हणून जास्त सूर असलेली पेटी बनवली गेली.

या संशोधनावर भातखंडे यांच्यासारख्यांनी कडक टीका केली, आणि टीकेत तथ्य होतं. पुढे यंत्रांनी प्रत्यक्ष गाण्याची मोजमापं झाली तेव्हा दिसलं, की मोठे गायकसुद्धा एकच स्वर दरवेळी गणिताने नेमलेल्या जागी लावत नाहीत. रागाच्या ओघात तो थोडा हलतो. तरीही देवलांच्या खटपटीचं मोल कमी होत नाही, आणि खाँसाहेबांच्या कानाचं तर नाहीच.

शाळा, संसार आणि एक कुत्रा

पुण्यात १९१३ च्या सुमारास खाँसाहेबांनी आर्य संगीत विद्यालय सुरू केलं. गुरूच्या घरी पाणी भरत विद्या मिळवण्याच्या काळात ही संगीताची शाळा होती, वर्ग आणि शिस्त असलेली. खर्च भागवण्यासाठी तिकीट लावून जलसे होत. या जलशांत त्यांचा टिपू नावाचा कुत्राही सूर लावायचा असं सांगतात. ग्रामोफोनच्या जगातला सगळ्यात प्रसिद्ध कुत्रा हिज मास्टर्स व्हॉइसच्या भोंग्यासमोर बसून नुसता ऐकतो. खाँसाहेबांचा कुत्रा त्याच्या एक पाऊल पुढे होता म्हणायचा.

संसार मात्र टिकला नाही. १९२२ साली ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. ही मुलं म्हणजे मराठी संगीताचं अर्धं घर : सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, कमलाबाई बडोदेकर, कृष्णराव माने आणि सरस्वती राणे. त्यांनी वडिलांचं नाव लावलं नाही, पण गळ्यातून ते गेलं नाही. शिष्यांमध्ये सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, रोशन आरा बेगम अशी नावं आहेत. म्हैसूर दरबाराने खाँसाहेबांना 'संगीतरत्न' ही पदवी दिली. दक्षिणेत वारंवार जाणं झाल्याने कर्नाटक संगीताची सरगम त्यांच्या गाण्यात आली. त्यागराजांची कृतीही त्यांनी तबकडीवर गायली, उत्तर हिंदुस्थानी उस्तादासाठी ही दुर्मीळ गोष्ट.

तीन मिनिटांत विलंबित

भारतात ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात सुरू झालं. खाँसाहेबांनी त्या पहिल्या दशकातच काही तबकड्या दिल्या होत्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायक मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गात असे आणि त्या आवाजाच्या धक्क्याने मेणाच्या थाळीवर खाच कोरली जाई. ज्या तबकड्यांमुळे आज ते ओळखले जातात त्या मात्र नंतरच्या, १९३० च्या दशकातल्या, ओडियन कंपनीसाठी दिलेल्या. तोवर मायक्रोफोन आला होता. 'जमुना के तीर' ही भैरवी यातलीच.

किराणा गायकी म्हणजे संथ बढत. एकेका स्वरावर थांबायचं, त्याला कुरवाळायचं, मग पुढच्याकडे जायचं. हे तीन मिनिटांत कसं बसवणार? अनेक मोठ्या गवयांनी तबकडीसाठी गाणं घाईत उरकलं आणि ते आज ऐकताना कळतं. खाँसाहेबांच्या उत्तम तबकड्यांत घाई नाही. त्यांनी रागाचा विस्तार कमी केला, स्वरावरचा ठहराव नाही. म्हणून त्या तीन मिनिटांनंतर पूर्ण मैफल ऐकल्यासारखं वाटतं.

गदगमध्ये वाढणाऱ्या एका मुलाने त्यांची अशीच तबकडी ऐकली आणि असं गायचंच म्हणून घर सोडलं. त्याचं नाव भीमसेन जोशी. हिंडून-फिरून हा मुलगा कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे पोहोचला, म्हणजे खाँसाहेबांच्याच शिष्याकडे. एका तबकडीने घराण्याला पुढचा वारस मिळवून दिला.

ऑक्टोबर १९३७ मध्ये खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला अरविंदाश्रमात निघाले होते. गाडीत छातीत दुखू लागलं. चेंगलपट्टूजवळच्या सिंगपेरुमाळ कोविल या लहानशा स्टेशनात ते उतरले. फलाटावर अंथरूण घातलं, तंबोरा जुळवून घेतला, आणि दरबारी रागात प्रार्थना म्हणत प्राण सोडला. तारीख २७ ऑक्टोबर. त्यांना मिरजेत दर्ग्याच्या परिसरात पुरलं. तिथल्या उरसात आजही गवई त्यांच्या आठवणीने गातात.

आता प्रश्न यंत्राचा

त्या काळचा चावीचा ग्रामोफोन स्प्रिंगवर चालायचा. वेग ठरवायला आत फिरती वजनं असलेला गव्हर्नर आणि बाहेर एक छोटा खटका असे. चावी संपत आली की षड्ज हळूहळू खाली बसायचा. रेकॉर्ड कापणारं यंत्रसुद्धा बऱ्याच ठिकाणी जड वजन खाली सोडून चालवलं जाई. म्हणून तबकडीवर ७८ लिहिलं असलं, तरी ती कापताना वेग तेवढाच होता याची खात्री नसते. कर्ण्याच्या काळातल्या तबकड्यांत हा फरक बराच मोठा असू शकतो.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. वेग चुकला पण स्थिर राहिला, तर स्वरांमधली अंतरं बिघडत नाहीत. सगळं गाणं उचलून वर किंवा खाली ठेवलं जातं एवढंच. खाँसाहेबांचा कोमल ऋषभ षड्जापासून जिथे होता तिथेच राहतो. मात्र आवाजाचा पोत बदलतो. सहा टक्के वेग वाढला की सूर अर्ध्या स्वराने चढतो, तीन मिनिटांचं गाणं दहा सेकंद लवकर संपतं आणि गळा पातळ वाटू लागतो. खाँसाहेबांचा आवाज मुळातच चढा, बारीक, किंचित नाकातला. त्यात वेगाची भर पडली तर त्याचं विडंबन व्हायला वेळ लागत नाही. पहिल्यांदा ऐकून नाक मुरडणाऱ्यांपैकी काहींनी तरी चुकीच्या वेगावर ऐकलं असणार.

दुसरी चूक जास्त घातक : वेग डळमळणं. मग लांबवलेला षड्ज थरथरतो, अंतरं खरोखरच बिघडतात, आणि किराण्याच्या गाण्यात लपायला जागा नसते. द्रुत ताना झाकून नेतील, स्थिर स्वर नेणार नाही.

थाळी फिरवण्याच्या तीन पद्धती आहेत. जुनी पद्धत रबरी चाकाची. मोटर चाकाला फिरवते, चाक थाळीच्या कडेला. ताकद भरपूर, पण चाक चपटं झालं की घरघर येते. दुसरी पट्ट्याची, म्हणजे बेल्ट ड्राइव्ह. मोटरची थरथर पट्टा शोषून घेतो, म्हणून आवाज शांत येतो. पण पट्टा ताणतो, सैलावतो, आणि वेग नकळत घसरतो. तिसरी डायरेक्ट ड्राइव्ह. थाळी थेट मोटरच्या आसावर बसते, मध्ये काहीच नाही. मोटर फिरते तेवढीच थाळी फिरते, आणि वेग चुकला की इलेक्ट्रॉनिक सर्किट तत्काळ दुरुस्त करतं.

जपानच्या मात्सुशिता कंपनीने टेक्निक्स या नावाने १९७० साली एसपी-१० हे डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल आणलं. १९७२ साली एसएल-१२०० आलं, १९७९ साली त्याची मार्क २ आवृत्ती. तिच्यात क्वार्ट्झ स्फटिकाने वेग बांधलेला आहे, घड्याळासारखा. वेगातली डळमळ ०.०२५ टक्के. प्रमाण श्रुतीच्या पन्नासाव्या भागाइतकी. क्लबमधल्या डीजेंनी हे यंत्र प्रसिद्ध केलं, पण देवल-क्लेमंट्स जोडीला ते दिसतं तर त्यांनीही एक उचललं असतं.

तरीही खाँसाहेबांच्या मूळ तबकड्यांसाठी नेमकं हेच मॉडेल चालत नाही, कारण त्यात ३३ १/३ आणि ४५ हे दोनच वेग आहेत. सेकंडहँड बाजारात नाव ऐकून पैसे मोजणारे इथे फसतात. ७८ चा वेग टेक्निक्सच्या २०१६ नंतरच्या एसएल-१२००जी आणि जीआर यांत आहे, तोही पिच कंट्रोलसह. एसएल-१५००सी मध्ये ७८ आहे, पण पिच कंट्रोल नाही. खिशाला झेपेल असं हवं असेल तर ऑडिओ-टेक्निकाचं एलपी१२०एक्स पाहावं. तेही डायरेक्ट ड्राइव्ह आहे, तिन्ही वेग आहेत, आणि वेग आठ किंवा सोळा टक्के वर-खाली करता येतो. बांधणी टेक्निक्सइतकी भक्कम नाही, पण या कामाला पुरते. जुन्या तबकड्यांसाठी पिच कंट्रोल ही चैन नाही, ती तंबोऱ्याची खुंटी आहे.

परदेशातून यंत्र आणणाऱ्यांनी व्होल्टेज पाहावं. अमेरिकेचं यंत्र १२० व्होल्टचं, जपानचं १०० चं. ट्रान्सफॉर्मर लावून तेवढं सुटतं. पण साध्या एसी मोटरच्या जुन्या यंत्राचा वेग विजेच्या फ्रीक्वेन्सीवरही ठरतो. अमेरिकेच्या ६० हर्ट्झचं यंत्र आपल्या ५० हर्ट्झवर ७८ ऐवजी ६५ फेरेच घेईल, आणि ट्रान्सफॉर्मर याला काही करू शकत नाही. क्वार्ट्झवरच्या डायरेक्ट ड्राइव्हला ही अडचण येत नाही.

सुईकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते, तिला ७० ते ७५ मायक्रॉनची सुई लागते. लाँग प्लेची सुई १८ मायक्रॉनच्या आसपासची. ती या खाचेच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर ऐकवते. कार्ट्रिज तेच ठेवून ७८ ची सुई वेगळी घेता येते का, हे खरेदीपूर्वीच विचारून घ्यावं. अॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबावं, खरखर बरीच कमी होते.

आणि एक चूक अशी आहे जी कोणतीही मोटर सुधारू शकत नाही : तबकडीचं मधलं भोक. ते केंद्रापासून एक मिलिमीटर जरी सरकलेलं असलं, तर दहा सेंटिमीटर त्रिज्येवर सूर प्रत्येक फेऱ्यात एक टक्का वर आणि एक टक्का खाली जातो. जवळपास एकेक श्रुती, मिनिटाला ७८ वेळा. नाकामिची या जपानी कंपनीने १९८० च्या दशकात तबकडीचं खरं केंद्र स्वतः शोधणारं टर्नटेबल बनवलं होतं. ते अर्थातच सामान्य माणसासाठी नव्हतं. घरी करता येण्याजोगं एवढंच, की भोक थोडं सैल असेल तर सुईच्या दांडीचं डोलणं बघत तबकडी बोटाने हलकेच सरकवायची.

मूळ तबकडी नको, लाँग प्लेवर आलेलं पुनर्मुद्रण पुरे, असं म्हणणाऱ्यांचं काम सोपं आहे. कोणतंही चांगलं टर्नटेबल चालेल, बेल्टचंसुद्धा. फक्त तिथे षड्ज कुठे ठेवायचा हे ते पुनर्मुद्रण करणाऱ्या तंत्रज्ञाने आधीच ठरवून टाकलेलं असतं.

मूळ तबकडी वाजवायची असेल तर आधी वेग तपासावा. ५० हर्ट्झच्या दिव्याखाली ७७ रेघांची स्ट्रोब चकती थाळीवर ठेवायची. रेघा स्थिर दिसल्या की वेग ७७.९२. एलईडीच्या उजेडात ही युक्ती नेहमी जमत नाही, साधा पिवळा बल्ब किंवा निऑन दिवा लागतो. मग तबकडी लावायची, मागे वाजणाऱ्या पेटीचा सूर ऐकायचा आणि तो आपल्या पेटीच्या कोणत्या पट्टीशी जुळतो ते पाहायचं. दोन पट्ट्यांच्या अधेमध्ये राहिला, तर खटका किंचित वर किंवा खाली सरकवून बघायचा. हा पुरावा पक्का नाही, कारण ती पेटीही कुणी कशीही जुळवलेली असू शकते. दोन-तीन तबकड्या एकाच बैठकीत मुद्रित झालेल्या असतील तर एकमेकींवरून अंदाज बांधता येतो. एवढं केल्यावर खटक्यावरचं बोट काढून घ्यायचं आणि भैरवी सुरू होऊ द्यायची.